खानकीन ते चौल: इस्लामी इतिहासातल्या वाटा संगणकाच्या नकाशावर कशा मांडायच्या

आपण ‘मजल दरमजल करत’ म्हणतो, त्यातली मजल अरबी ‘मंझिल’वरून आली. मंझिल म्हणजे उतरायची, मुक्काम करायची जागा. नवव्या-दहाव्या शतकातल्या अरबी भूगोलकारांचे ग्रंथ अशा मुक्कामांनी भरलेले आहेत: या गावाहून त्या गावाला इतके फरसख (अंतराचं जुनं एकक), तिथून पुढे इतके, वाटेत पाणी इथे, सराई तिथे. हा मजकूर गेली हजार-अकराशे वर्षं ओळींमध्ये पडून आहे. नकाशावर उतरवला की तो बोलायला लागतो, आणि लिहिणाऱ्याचं किंवा आपलं कुठे चुकलं तेही दिसायला लागतं.

हा लेख पूर्णपणे नवख्या माणसासाठी आहे. इतिहासाची आवड, साधा संगणक आणि चिकाटी एवढं पुरे. अरबी येत नसेल तरी सुरुवात करता येते, पण लिपीतली अक्षरं ओळखण्याइतकी तयारी महिन्याभरात होते आणि ती करावीच. कारण पुढे कळेल.

आधी प्रश्न लहान करा

‘अब्बासी खिलाफतीचा’, म्हणजे बगदादच्या खलिफांच्या साम्राज्याचा, ‘नकाशा’ हा विषय घेऊन बसलात तर दोन महिन्यांनी कंटाळून सोडून द्याल. एक वाट घ्या, तीही अर्धी. मी इथे बगदादहून खुरासानकडे, म्हणजे ईशान्य इराणकडे, जाणाऱ्या राजमार्गाचा पहिला भाग घेतो: बगदाद ते हुलवान. इराकच्या सपाटीवरून निघून झाग्रोस डोंगराच्या पायथ्याशी पोचणारी ही वाट. याच वाटेवर जलूला आहे, जिथे ६३७ साली अरब आणि इराणच्या सासानी राजांच्या फौजांची लढाई झाली. पुढे अब्बासींच्या काळात टपाल, फौजा, व्यापारी आणि पूर्वेकडून हजला निघालेले यात्रेकरू हीच वाट तुडवत होते.

याची नोंद कोणी केली? इब्न खुर्दाझबिहने. नवव्या शतकातला हा माणूस जिबाल या पश्चिम इराणमधल्या डोंगराळ प्रांतात टपाल आणि खबरी खात्याचा अधिकारी होता. त्यामुळे त्याच्या ग्रंथात वर्णनं थोडी आणि अंतरं भरपूर. त्याचा अरबी पाठ डच विद्वान द खूये यांनी १८८९ साली लायडनहून फ्रेंच भाषांतरासह छापला. त्यांनी संपादित केलेल्या अरबी भूगोलकारांच्या मालेतला तो सहावा खंड. ही माला आता इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येते.

तो सांगतो ते असं: बगदादहून नहरवान ४ फरसख, तिथून दैर बाझमा ४, दस्करा ८, जलूला ७, खानकीन ७, कस्र शिरीन ६, आणि हुलवान ५. एकूण ४१ फरसख.

सात ओळींचा हा मजकूर नवशिक्याला पहिल्या आठवड्यासाठी भरपूर आहे.

तक्ता आधी, नकाशा नंतर

बहुतेक जण थेट नकाशाचं सॉफ्टवेअर उघडतात आणि ठिपके टाकायला लागतात. तसं करू नका. गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिसमध्ये दोन तक्ते तयार करा.

पहिला तक्ता ठिकाणांचा. रकाने असे: क्रमांक, मुळातलं नाव, देवनागरी उच्चार, आजची ओळख, अक्षांश, रेखांश, ही ओळख कोणी सुचवली, आणि खात्री. खात्रीच्या रकान्यात तीनच शब्द ठेवा: पक्की, बहुधा, वादातली. या एका रकान्याला मी सगळ्यात जास्त जपतो. छापील पुस्तकात ‘कदाचित’, ‘असावं’ असे शब्द लिहिता येतात, पण नकाशावरचा ठिपका सगळी ठिकाणं सारख्याच ठामपणाने दाखवतो. शंका तक्त्यात नोंदवली नाही तर ती कायमची हरवते आणि पुढचा माणूस तुमचा अंदाज सत्य म्हणून उचलतो.

दुसरा तक्ता टप्प्यांचा: कुठून, कुठे, आकडा, एकक, ग्रंथकार, खंड, पान. एकाच टप्प्यासाठी दोन ग्रंथकारांनी दोन आकडे दिले असतील तर दोन ओळी करा. कधीही सरासरी काढून एक आकडा लिहू नका. याच वाटेवरचं उदाहरण बघा. याकूत हा तेराव्या शतकातला कोशकार. त्याने आपल्या भूगोलकोशात खानकीनच्या नोंदीखाली लिहिलं आहे की तिथून कस्र शिरीन सहा फरसख आणि कस्र शिरीनहून हुलवानही सहा फरसख. इब्न खुर्दाझबिह शेवटच्या टप्प्याला पाच म्हणतो. हा फरक जपून ठेवा, थोड्या वेळाने तो कामाला येणार आहे.

याकूतबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण नावांचं काम करणाऱ्या प्रत्येकाचा तो सोबती आहे. जन्माने ग्रीक वंशाचा, लहानपणी गुलाम म्हणून बगदादच्या व्यापाऱ्याला विकला गेलेला, मालकाच्या व्यापारासाठी गावोगाव फिरलेला हा माणूस. हिजरी ६१५ मध्ये मर्व शहरात कुणाशी तरी त्याचा वाद झाला: अरबस्तानातल्या एका जुन्या बाजाराचं नाव ‘हुबाशा’ की ‘हबाशा’? आपला उच्चार बरोबर आहे हे त्याला माहीत होतं, पण दाखवायला पुस्तक मिळेना. त्यातून हा प्रचंड कोश जन्माला आला. म्हणूनच तो नोंदींच्या सुरुवातीला अक्षरावर कोणता स्वर आहे ते शब्दांत सांगतो. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, तेव्हा देवनागरीत नाव लिहिताना ‘हुलवान’ की ‘हलवान’ असा पेच पडला की आधी याकूत उघडावा.

नावाची ओळख पटवणं

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला लागतो आणि तो लागू द्यावा.

पहिली अडचण सारख्या नावांची. सुरुवातीच्या काळात मी गावांची यादी एका स्वयंचलित साधनाला दिली आणि ‘हुलवान’ समोर आलेले अक्षांश-रेखांश न तपासता तक्त्यात घेतले. नकाशावर बगदादहून निघालेली रेषा खानकीनपर्यंत नीट गेली आणि तिथून थेट कैरोच्या दक्षिणेला पोचली. इजिप्तमध्येही हुलवान आहे, आज मोठं शहर आहे, त्यामुळे शोधात तेच आधी येतं. आपलं हुलवान आज त्या नावाने उभं नाही. इराणच्या किर्मानशाह प्रांतातलं सरपोल-ए-झहाब हे त्याच्या जागी मानलं जातं. त्राबुलसचंही तसंच: एक लेबनॉनमध्ये, एक लिबियात. याकूतने अशा सारख्या नावांवर वेगळा ग्रंथच लिहिला, यावरून हा घोळ त्याच्या काळीही केवढा होता ते कळतं.

दुसरी अडचण नुक्त्यांची. अरबी लिपीत बे, ते, से, नून आणि ये ही अक्षरं शब्दाच्या मध्ये आली की त्यांचा सांगाडा एकच, फरक फक्त वर-खालच्या नुक्त्यांचा. नकल करणाऱ्याने नुक्ते गाळले किंवा चुकीच्या जागी दिले की नाव बदललं. मोडी वाचणाऱ्या मंडळींना हे पटकन समजेल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं लिहीत नाहीत, तिथे संदर्भावरून वाचावं लागतं. इथे व्यंजनच संदर्भावरून ठरवायचं. म्हणून मुळातलं नाव जसं छापलंय तसं उतरवा आणि संपादकाने तळटीपेत दिलेले पाठभेदही वेगळ्या रकान्यात घ्या. द खूये यांच्या तळटिपा त्यासाठी सोन्यासारख्या आहेत.

तिसरी अडचण आपली, मराठी माणसाची. कसबा, जिल्हा, तालुका, इलाखा हे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. त्यामुळे अरबी ग्रंथात ‘कसबा’ दिसला की आपण ‘बाजारपेठेचं गाव’ समजून पुढे जातो. दहाव्या शतकातल्या मुकद्दसी या भूगोलकाराकडे मात्र तो पारिभाषिक शब्द आहे: प्रांताखालच्या विभागाचं मुख्य शहर. त्याने उतरंड लावली आहे ती अशी, मिस्र म्हणजे महानगरं राजांसारखी, कसबे हाजिबांसारखे (दरबारातल्या मोठ्या अधिकाऱ्यांसारखे), शहरं सैनिकांसारखी आणि गावं पायदळासारखी. ठिकाणांच्या तक्त्यात ‘प्रकार’ रकाना करणार असाल तर तो ज्या ग्रंथकाराचा आहे त्याच्याच शब्दात भरा, आपल्या अर्थाने नको.

अक्षांश-रेखांश कुठून घ्यायचे

इस्लामी इतिहासासाठी पहिलं दार म्हणजे ‘अस्-सुरय्या’. मॅक्सिम रोमानोव्ह आणि मासूमे सैय्यदी यांनी तयार केलेला हा ऑनलाइन स्थलकोश. जॉर्जेट कॉर्नू यांनी नवव्या-दहाव्या शतकातल्या अरब-इस्लामी जगाचा जो छापील नकाशासंग्रह केला, त्याच्या आधारावर तो उभा आहे. दोन हजारांहून जास्त ठिकाणं आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा त्यात आहेत. नाव टाइप केलं की ठिकाण सापडतं, दोन ठिकाणं दिली की त्या काळच्या वाटांवरून मार्गही काढून मिळतो. सुरय्या म्हणजे आपल्या कृत्तिका. प्राचीन ग्रीक-रोमन जगासाठी याच नक्षत्राचं नाव घेतलेला ‘प्लेयाडीस’ हा स्थलकोश आधीपासून होता, त्याची ही धाकटी बहीण म्हणायला हरकत नाही.

इथे नाव मिळालं नाही तर ‘वर्ल्ड हिस्टॉरिकल गॅझेटियर’, मग ‘जिओनेम्स’ आणि ‘विकिडेटा’. शेवटच्या दोघांकडून फक्त आजच्या गावाचे आकडे घ्या. मध्ययुगीन ओळख त्यांच्याकडून घेऊ नका.

आपल्या तीन ठिकाणांचे ढोबळ आकडे असे निघतात. खानकीन: अक्षांश ३४.३५, रेखांश ४५.३९. कस्र शिरीन: ३४.५२, ४५.५८. सरपोल-ए-झहाब: ३४.४६, ४५.८६. दशांशानंतर दोन अंक पुरेत. सहा अंक लिहिले की जणू हजार वर्षांपूर्वीच्या वेशीचा खांब सापडल्यासारखं वाटतं आणि तसं काही सापडलेलं नसतं.

क्यूजीआयएसमध्ये आणताना

क्यूजीआयएस हे नकाशे करायचं फुकट, मुक्त सॉफ्टवेअर आहे. विंडोज, लिनक्स, मॅक सगळ्यांवर चालतं. दीर्घकाळ टिकणारी म्हणून दिलेली आवृत्ती उतरवून घ्या, अगदी नवी नको.

तक्ता सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) म्हणून जतन करा आणि अक्षरसंच यूटीएफ-८ निवडा. हे विसरलात तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. मग क्यूजीआयएसच्या ‘लेयर’ मेनूतून ‘ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर’ निवडायचं. एक्सच्या चौकटीत रेखांश आणि वायच्या चौकटीत अक्षांश. आपण बोलताना आधी अक्षांश म्हणतो, त्यामुळे हात उलटा पडतो. चौलचे आकडे उलटे भरले तर चौल नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जाऊन बसतं. ठिपका भलत्याच ठिकाणी गेला की दुसरं काही शोधण्याआधी हेच तपासा. निर्देशांक पद्धत म्हणून ईपीएसजी ४३२६ ठेवा.

ठिपके जागेवर आले की टप्प्यांचा क्रम देऊन ‘पॉइंट्स टू पाथ’ या साधनाने रेषा काढा. पार्श्वभूमीला आजच्या रस्त्यांचा आणि सीमांचा नकाशा न लावता डोंगर-नद्यांचा लावा. खानकीन आज इराकमध्ये आणि कस्र शिरीन इराणमध्ये आहे, मधली सीमारेषा डोळ्यासमोर असली की मन नकळत तिथे वाट तोडतं. नवव्या शतकातला टपालवाला ती ओलांडत नव्हता.

याच कारणासाठी मी राज्यांचे रंगीत पट्टे काढत नाही. खिलाफतीची सत्ता शहरांतून आणि वाटांवरून चालायची. दोन वाटांमधल्या वाळवंटावर हिरवा रंग भरणं म्हणजे पुरावा नसताना विधान करणं आहे.

मोजायची वेळ

आता मजा येते. एक फरसख म्हणजे तीन मील, आणि हा अरबी मील साधारण दोन किलोमीटरचा. म्हणजे फरसख सुमारे सहा किलोमीटर.

क्यूजीआयएसमध्ये खानकीन ते कस्र शिरीन सरळ रेषेत मोजा: सुमारे २६ किलोमीटर. कस्र शिरीन ते हुलवान मोजा: तेही सुमारे २६. दोन्ही टप्पे जवळजवळ सारखे! याकूतने दोघांनाही सहा फरसख दिले होते, इब्न खुर्दाझबिहने सहा आणि पाच. एका साध्या मापाने दोन ग्रंथांमधल्या फरकाला आकार आला. लगेच ‘याकूत बरोबर’ असा निकाल मात्र देऊ नका. सरळ रेषा म्हणजे वाट नव्हे. एका टप्प्यात ओढा, उतार, वळसा जास्त असेल तर पाच आणि सहा दोन्ही खरे असू शकतात.

सगळ्या वाटेचं गणितही करा. ४१ फरसख म्हणजे साधारण २४६ किलोमीटर. बगदाद ते खानकीन सरळ रेषेत १४४ च्या आसपास, त्यात पुढचे दोन टप्पे मिळवले की १९६. म्हणजे लिहिलेलं अंतर सरळ रेषेच्या सव्वापट आहे. जुन्या वाटेचं सव्वापट असणं अगदी स्वाभाविक. तुमच्या तक्त्यात ‘गुणोत्तर’ असा रकाना करा आणि प्रत्येक टप्प्यासाठी हा भागाकार लिहा. १.१ ते १.४ च्या आत असेल तर पुढे चला. एकाहून कमी आलं तर थांबा, कारण कुठलीही वाट सरळ रेषेपेक्षा लहान नसते. मग एक तर ठिकाणाची ओळख चुकली, नाही तर आकडा चुकला, नाही तर एकक वेगळं आहे. दोनाच्या वर गेलं तरी थांबा आणि डोंगर किंवा दलदल आडवी आहे का ते बघा.

इथे एक सापळा आहे. वेब नकाशे मर्केटर प्रक्षेपात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची एक पद्धत) असतात आणि त्यात विषुववृत्तापासून दूर जावं तशी अंतरं फुगतात. कस्र शिरीनच्या अक्षांशावर ती फूग सुमारे २१ टक्के आहे. मोजपट्टी ‘कार्टेशियन’वर, म्हणजे सपाट नकाशावर मोजण्यावर, राहिली तर २६ किलोमीटरचे ३१-३२ दिसतात, आणि ते पाच फरसखांच्या, म्हणजे ३० च्या, इतके जवळ येतात की माणूस खुश होऊन पुढे जातो. मोजण्याआधी ‘एलिप्सॉइडल’, म्हणजे पृथ्वीची गोलाई धरून मोजणं, निवडलंय याची खात्री करा.

‘मर्हला’ हे दुसरं एकक, म्हणजे एका दिवसाची चाल, आपल्या भाषेत एक मजल. मुकद्दसी ती सहा-सात फरसखांची धरतो. तिचं कधीही किलोमीटरमध्ये ठाम रूपांतर करू नका. पाणी लांब असेल तर मजल लांबते, घाट असेल तर आखडते. तक्त्यात मजल ही मजल म्हणूनच राहू द्या.

जमीन बदललेली असते

उंचीची माहिती हवी तर नासाच्या शटल मोहिमेतून आलेला ३० मीटरचा उंची-थर फुकट मिळतो. तो खाली घातला की हुलवानच्या पुढे लगेच झाग्रोसची भिंत उभी राहते आणि या गावाला एवढं महत्त्व का होतं ते एका नजरेत कळतं: घाट चढण्याआधीचं हे शेवटचं मोठं ठाणं.

इराक-सीरियात आधुनिक धरणं, कालवे आणि नांगरट यांनी जुन्या खुणा पुष्कळ पुसल्या. त्यासाठी कोरोना उपग्रहाची छायाचित्रं वापरा. अमेरिकेने १९६० ते १९७२ या काळात हेरगिरीसाठी काढलेली ही छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली. अर्कान्सा विद्यापीठाने मध्यपूर्वेची छायाचित्रं नकाशावर बसवून ऑनलाइन ठेवली आहेत. नहरवानसारख्या जुन्या कालव्याची रेघ आजच्या रंगीत उपग्रहचित्रापेक्षा त्या कृष्णधवल फोटोत जास्त स्पष्ट दिसते.

आणि एक मनाई. इस्तखरी, इब्न हौकल या दहाव्या शतकातल्या भूगोलकारांच्या हस्तलिखितांमधले सुंदर रंगीत नकाशे स्कॅन करून आजच्या नकाशावर ताणून बसवायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. त्या नकाशांत दक्षिण वर आहे, समुद्र गोल आहेत, वाटा पट्टीने ओढल्यासारख्या सरळ आहेत. मुंबई लोकलच्या डब्यात दाराच्या वर लावलेला स्थानकांचा नकाशा जसा असतो, तसे ते आहेत: कोणानंतर कोण हे सांगणारे. त्यांच्यातून अंतर काढायचं नाही, क्रम काढायचा.

कोकणचा किनारा: क्रम जुळत नाही तेव्हा

एवढं जमलं की दुसरा सराव घरच्या अंगणात करा. इस्तखरीने, आणि त्याच्यावर आधारून इब्न हौकलने, सिंधमधल्या मन्सुरापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंतची अंतरं दिली आहेत. कनबाया ते सुबारा सुमारे चार मजला, सुबारा ते सिंदान पाच, सिंदान ते सैमूर पाच, आणि सैमूर ते सरंदीब पंधरा. अरबीत ‘प’ नाही आणि ‘च’ नाही. हे ध्यानात घेतलं की कनबाया म्हणजे खंभात, सुबारा म्हणजे सोपारा, सिंदान म्हणजे संजाण, सैमूर म्हणजे चेऊल, आपलं चौल, आणि सरंदीब म्हणजे श्रीलंका, अशी जोडी लागते. इब्न हौकलने तेच आकडे दिले म्हणून ते दोन साक्षीदार धरू नका. त्याने इस्तखरीच्या ग्रंथावरच आपला ग्रंथ उभा केला. तक्त्यात ही एकच साक्ष.

आता नकाशावर टाका. उत्तरेकडून दक्षिणेला: खंभात, संजाण, सोपारा, चौल. पण ग्रंथातला क्रम खंभात, सोपारा, संजाण, चौल. म्हणजे प्रवासी सोपाऱ्याला येऊन पुन्हा उत्तरेला संजाणला गेला आणि मग खाली चौलला आला! अंतरं बघा: सोपारा-संजाण सरळ रेषेत ९० किलोमीटरही भरत नाही, संजाण-चौल सुमारे १८० आहे, आणि दोघांना पाच-पाच मजला. खंभात-सोपारा तर सुमारे ३२० किलोमीटर, आणि त्याला चारच.

पुस्तक वाचताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. ठिपके टाकले की दोन मिनिटांत दिसतं. मग काय करायचं? शक्यता वेगवेगळ्या थरांवर मांडायच्या. एका थरावर प्रचलित ओळख. दुसऱ्यावर, सुबाराचा ‘सूरबाया’ असा जो पाठ काही ठिकाणी येतो तो धरून, हे ठिकाण खंभात आणि संजाण यांच्या मध्ये, तापीच्या मुखाच्या बाजूला कुठे बसतं का ते पाहायचं. तसं केलं तर क्रम सरळ होतो, मजलाही बऱ्यापैकी विभागल्या जातात. पण मग एक गोष्ट आड येते: दहाव्या शतकातला अरब प्रवासी-इतिहासकार मसऊदी सुबाराचं नाव सैमूर आणि ताना, म्हणजे ठाणे, यांच्याबरोबर घेतो आणि त्याचं सुबारा सोपाराच वाटतं. तिसरी शक्यता, यातला काही प्रवास होडीने झाला आणि मजल ही चालीची नसून समुद्रावरची आहे. चौथी, इस्तखरीला हे ऐकून माहीत होतं आणि सांगणाऱ्याने क्रम उलटा सांगितला. मला स्वतःला चौथी सगळ्यात संभवनीय वाटते. तरीही माझ्या तक्त्यात सुबारापुढे ‘बहुधा सोपारा’ आणि टप्प्यापुढे ‘वादातला’ असंच लिहिलेलं आहे.

सिंदान म्हणजे संजाण ही ओळख मात्र बाहेरच्या पुराव्याने भक्कम होते, आणि तो पुरावा पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीचा आहे. तिथे सापडलेल्या शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात संयान मंडलाचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक अधिकाऱ्याकडे असल्याचं लिहिलं आहे. ताजिक म्हणजे अरब, मधुमती म्हणजे मुहम्मद. राष्ट्रकूट कृष्णाने नेमलेला हा मुसलमान अधिकारी, त्याने तरीची (होडीने पार नेण्याची) सोय केली, अन्नसत्र घातलं. अरबी ग्रंथ आणि संस्कृत ताम्रपट एकाच बंदराकडे दोन बाजूंनी बोट दाखवतात. नकाशावर अशा जागी मी ठिपक्याला दुहेरी कडा देतो. मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६-१७ च्या सुमारास, सैमूरला स्वतः आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असं तो सांगतो आणि तिथल्या राजाचं नाव ‘जंज’ देतो. तो शिलाहार झंझ. हिजरी वर्ष चांद्र, ३५४-५५ दिवसांचं, त्यामुळे ते बहुधा दोन इसवी सनांत पसरतं. तक्त्यात हिजरी साल मुळासारखं ठेवा आणि इसवी साल जोडवर्ष म्हणून लिहा.

लोकांसमोर मांडताना

पक्क्या ओळखीला भरीव ठिपका, बहुधाला पोकळ, वादातल्याला तुटक कडेचं वर्तुळ. मोजलेल्या वाटेला सलग रेषा, अंदाजाच्या वाटेला तुटक. तक्तेही नकाशासोबत खुले ठेवा, म्हणजे कुणाला सुबारा हलवायचं असेल तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. आणि कोरोनाच्या फोटोत उत्खनन न झालेलं एखादं पांढरीचं (जुन्या वस्तीचं) टेकाड दिसलं तर त्याचे नेमके अक्षांश-रेखांश जाहीर करू नका. खजिन्याच्या आशेने खणणारे लोक इतिहासाच्या माणसांपेक्षा आधी पोचतात.

पुढचा सराव

मसऊदीचीच आणखी एक ओळ देतो. बल्हरा, म्हणजे राष्ट्रकूट वल्लभराज, याची राजधानी मानकीर. ती समुद्रापासून ऐंशी ‘सिंधी फरसख’ आत आहे आणि हा फरसख आठ मीलांचा, असं तो लिहितो. मानकीर म्हणजे मान्यखेट, आजच्या कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मालखेड: अक्षांश १७.२, रेखांश ७७.१६.

आठ मीलांचा फरसख धरला तर ६४० मील, जवळपास १२८० किलोमीटर होतात. मालखेडहून पश्चिमेला तेवढं गेलात तर अरबी समुद्रात फार आत पोचाल. आता तोच आकडा नेहमीच्या तीन मीलांच्या फरसखाने करा: ८० गुणिले ६, म्हणजे ४८० किलोमीटर. मग मालखेडपासून चौलपर्यंत मोजपट्टी लावा. सरळ रेषेत ४७० च्या आसपास भरतं.

आकडा जुळला म्हणून थांबू नका. गुणोत्तर एकाच्या इतकं जवळ आहे की सह्याद्रीचा घाट उतरणाऱ्या वाटेला ते शोभत नाही. ऐंशी हा गोल आकडा आहे. मसऊदी चौलला आला होता, मालखेडला गेल्याचं सांगत नाही. आणि किनारा चौलचाच का धरायचा, मालखेडहून रत्नागिरीजवळचा समुद्र तर याहून जवळ आहे. तीन थर करा, तीन रेषा काढा, प्रत्येकीपुढे खात्रीचा रकाना भरा.

माझ्या तक्त्यात तिथे सध्या ‘वादातली’ असं लिहिलेलं आहे.